रणगाड्याला गूळपाणी

कोल्हापूरहून परतल्यापासून भेटेल तो विचारतो, अंबाबाईचं दर्शन झालं का, चपला आणल्या का. दर्शन घडलं नाही आणि पायात चपला जुन्याच आहेत. मी एका जुन्या रणगाड्याची गंजलेली चाकं मोकळी करायला गेलो होतो. ती आता कधीच फिरणार नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी उगाच आशा धरून बसायला नको. मी धरली होती.

मी नागपूरचा. सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपात गेली, तीही पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या बुडाशी. म्हणजे चाकं, बेअरिंगं आणि साखळीसारखे ते पट्टे. तोफेकडे आणि इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, चाकाकडे ते अडल्यावरच जातं. निवृत्त होऊन घरात बसलो होतो, बायकोच्या मते जरा जास्तच बसलो होतो, तेव्हा सुभेदार हिंदुरावांचा फोन आला. कोल्हापूर जिल्ह्यातलं त्यांचं गाव. नाव लिहीत नाही, त्यांनी तसं बजावलं आहे. गावच्या चौकात फौजेने दिलेला एक हलका रणगाडा बरीच वर्षं उभा. हिंदुराव तरुणपणी असाच रणगाडा चालवायचे. आता चौकातून रस्ता रुंद होणार होता. शाळेच्या मैदानात गावाने नवा चौथरा बांधून ठेवला होता, पण तिथवर रणगाडा न्यायचा कसा, हा प्रश्न. एवढं वजन उचलणारी क्रेन ओढ्यावरच्या पुलावरून यावी लागते आणि तो पूल जड वाहनांना बंद झालेला. राहिला एकच उपाय, ट्रॅक्टर जोडून ओढत न्यायचा. त्यासाठी चाकं फिरायला हवीत. नाही फिरली तर नवरात्राच्या आधी गॅस कटरने तुकडे करून भंगारात.

"इंजिन नको साहेब," हिंदुराव फोनवर म्हणाले. "तोफ बी नको. नुसती चाकं फिरवून द्या. न्हेतो की आमी ढकलत."

अशा माणसाला नाही म्हणता येत नाही.

मंगळवार पेठ

पहिला मुक्काम हिंदुरावांच्या लेकीकडे, मंगळवार पेठेत. प्रवासाने अंग आंबलं होतं, तरी जावईबापूंनी सकाळी सकाळी उठवून दूध प्यायला नेलं. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून ग्लास हातात. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय तोंडाला लावलं तर आई अजूनही स्वप्नात येऊन रागावेल. मी भीत भीत प्यालो. आजूबाजूची माणसं पाणी प्यायल्यासारखी ग्लासावर ग्लास रिचवत होती आणि नव्या माणसाला ते सोसतं का, हे डोळे बारीक करून बघत होती. सोसलं.

नाश्त्याला मिसळ आली तेव्हा जावईबापूंनी काळजीने विचारलं, "पावणं, तिखट चालंल न्हवं?" नागपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. आम्ही सावजीवर वाढलेले. मी मान हलवली, दुसरा कट मागून घेतला, आणि नंतर अर्धा तास कोणाशी बोललो नाही. कोल्हापूरचं तिखट तोंडातच भांडण काढतं, आमचं घरी गेल्यावर. एवढाच फरक.

तिथून उद्यमनगरात बंडा मिस्त्रीच्या लेथवर गेलो. कोल्हापुरात एक गोष्ट मला फार आवडली. अमुक होणार नाही, असं इथं कोणी म्हणतच नाही. बंडा मिस्त्री तर मुळीच नाही. मी जुन्या बेअरिंगचं माप सांगितलं, म्हटलं हे माप बाजारात मिळत नाही, ज्या देशाने बनवलं तिथेही आता मिळत नसेल.

"न्हाय मिळत तर न्हाय मिळत," मशीनच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला. "त्याच्या जवळचं घ्या, मी बाहेरनं कडं काढून बसवून देतो. आदी गंज तर काढा. आनि ॲसिड घालू नगा हां पावणं. गूळ घाला."

गुळाचं मला माहीत होतं. काळा पडलेला गूळ पाण्यात कालवून आंबू द्यायचा आणि गंजलेलं लोखंड त्यात बुडवून ठेवायचं. दहा-पंधरा दिवसांत गंज सुटतो, लोखंडाला धक्का लागत नाही. आमच्या वर्कशॉपातही एक जुना फोरमन साखर कारखान्याच्या मळीचे डबे जपून ठेवायचा. मात्र हे फक्त लोखंडाचं. रणगाड्याच्या चाकाची तबकडी असते हलक्या मिश्रधातूची, वजन वाचावं म्हणून. ती गुळाच्या पाण्यात गेली तर ते आंबट पाणी तिलाच खातं. मला हे पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच पुढचं सगळं मनाला जास्त लागतं.

चौकात

गावात पोचलो तर हिंदुरावांच्या दारात एका म्हाताऱ्या बाईंनी तांब्या आणि वाटी पुढे केली. वाटीत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग नाव-गाव. आमच्याकडे ही रीत आजोळाबरोबर संपली, आता पाहुण्याला थेट चहा. मी खडा तोंडात टाकला, वरून पाणी प्यालो आणि खरंच बरं वाटलं.

त्या तानाक्का. हिंदुरावांची थोरली बहीण. त्यांचे यजमान हिंदुरावांच्याच पलटणीत, रणगाड्यावरचे तोफची. लढाईत गेले. घरी फक्त निरोप आला, बाकी काही आलं नाही. दहन नाही, राख नाही, नदीत सोडायला मूठभर काही नाही. आक्का भावाकडे राहायला आल्या. पुढे चौकात हा रणगाडा आला तेव्हा त्यांनी त्याचं पुढचं डावं चाक आपलं मानलं. ते का, हे कोणी विचारलं नाही. दर अमावास्येला आणि खंडेनवमीला त्या चाकाला आंघोळ घालायच्या. पाणी, थोडं दूध, परत पाणी, मग हळदकुंकू. गाव रणगाडा म्हणायचं, त्या नुसतं 'गाडा' म्हणायच्या.

हे मला हिंदुरावांनी चौकाकडे जाताना सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हनून कटर नको साहेब. तिच्या डोळ्यांम्होरं नको."

रणगाडा पाहिला. दर प्रजासत्ताक दिनाला गावाने प्रेमाने ऑइलपेंट मारलेला, एकावर एक इतके थर की बोल्टांची डोकी बुजलेली. दोन्ही अंगांना पाच-पाच चाकं. पट्टा सोडवायला पिना ठोकल्या, जॅक लावले, खाली लाकडी ओंडके सरकवले, आणि चाकं एकेक करून उतरवली. गावातले निवृत्त फौजी कंबर कसून मदतीला आले होते. सगळे एकाच वेळी हुकूम देत होते, त्यामुळे काम हळूहळू होत होतं.

बहुतेक चाकांत ग्रीसचं डांबर झालेलं. वाईट, पण हाताळता येण्यासारखं. शेवटी पुढचं डावं चाक घेतलं. झाकण काढलं तर आतून तांबूस पाणी भळाभळा बाहेर आलं, चांगलं तांब्याभर. बेअरिंगचे रूळ आणि त्यांची कडी गंजून एकजीव झालेली. एवढी खराब अवस्था दुसऱ्या कुठल्याच चाकाची नव्हती.

आक्का पाठीमागे उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"माज्यानं झालं व्हय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"नाही आक्का," मी म्हणालो. "पावसाचं पाणी. ह्या चाकाचं सील आधीपासूनच फाटलेलं होतं."

सील फाटलं नव्हतं. वर्षानुवर्षं मायेने ओतलेलं पाणी झाकणाच्या फटीतून थेंब थेंब आत गेलं होतं. हिंदुरावांना ते कळलं, कारण ते एकदम जॅकखालच्या ओंडक्यांची मापं घ्यायला लागले, ज्यांची काही गरज नव्हती. आक्का "बरं" म्हणाल्या आणि पदराने झाकण पुसून ठेवलं.

गावाबाहेरचं गुऱ्हाळ हंगाम संपल्याने बंद होतं. रस उकळायची मोठी लोखंडी काहील तिथे रिकामी पडलेली. गावातून पावसाळ्यात पाझरून काळा पडलेला गूळ गोळा झाला, म्हणाल तेवढा. काहिलीत पाणी, गूळ आणि पहिल्या काही चाकांतून ओढून काढलेली बेअरिंगं. बाकीची चाकांतच घट्ट बसली होती, ती काढायला बंडा मिस्त्रीचा माणूस बेअरिंग खेचायची ओढणी घेऊन येणार होता. मी हिंदुरावांना सांगितलं, "ह्यात बेअरिंगंच घालायची." का, ते सांगितलं नाही. फौजेत हुकुमाला कारण जोडायची पद्धत नसते. त्यांनीही विचारलं नाही, तीही फौजेतलीच सवय.

चंदगड

डाव्या चाकाचं बेअरिंग सुटलं तरी भार घेईल याचा भरवसा नव्हता. हिंदुरावांना आठवलं, त्यांच्या हाताखालचा गोविंद नावाचा नाईक चंदगडला असतो. त्याने कधी काळी लिलावात अशीच दोन चाकं घेतली होती, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. मी एसटी धरली.

चंदगडचा पाऊस परतीला निघाल्यासारखा वाटत नव्हता. भातखाचरं काठोकाठ भरलेली, तांबडी माती, काजूची झाडं, आणि एसटीच्या खिडकीला काच नाही. मी भिजून चिंब उतरलो. गोविंदच्या आईला सगळे अव्वा म्हणत, घरादारासकट शेजारीही. कर्नाटकाची हद्द जवळ, तशी भाषाही पलीकडे जाऊन-येऊन असते. अव्वांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो पावना तापनार." मला वाटलं रागाबद्दल बोलतायत.

चाकं गोविंदच्या काजूच्या शेडमध्ये होती, ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेली. कोरड्या जागेत, सावलीत. झाकण उघडलं तर आत ग्रीस पिवळंधमक, साजूक तुपासारखं. मी एका बोटाने फिरवलं आणि चाक फिरत राहिलं. आवाज नाही, अडखळणं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हजारो चाकं फिरवली असतील, पण त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं. गोविंद म्हणाला, "घिऊन जावा की साहेब, ताडपत्रीला दगूड ठिवतो." आपण हे काम तडीस नेणार, अशी माझी तिथे खात्री पटली.

संध्याकाळी थंडी वाजायला लागली आणि अव्वांचं म्हणणं खरं ठरलं. ताप असा चढला की दहा-बारा दिवस उठवेना. अव्वा भाताची पेज पाजायच्या, वर लोणच्याची फोड. गोविंदची बायको हसून म्हणायची, "आमच्या चंदगडाचा पाऊस पावण्याला आवडला वाटतं, सोडीना." परक्या घरात एवढं करून घ्यायची लाज वाटायची, पण पेज प्यायचो.

मोबाईलला रेंज फक्त गोठ्यामागे, फणसाखाली. आजारपणाच्या सुरुवातीला एकदा गोविंदने मला धरून तिथे नेलं, हिंदुरावांचा फोन होता. पाऊस पत्र्यावर बडवत होता.

"साहेब, राहिल्याली टाकू का गूळपान्यात?"

"टाका."

"समदी?"

"हो, सगळी टाका."

"समदी टाकतो," ते खुशीत म्हणाले आणि फोन कटला. मी बेअरिंगांबद्दल बोलत होतो. ते चाकांबद्दल बोलत होते. आपल्या भाषेत दोन्ही 'सगळी'च. एक शब्द जास्त बोललो असतो तर पुरलं असतं. अंगात ताप होता, मी आत जाऊन पांघरूण घेतलं आणि शांत झोपलो.

पुन्हा गावात

चंदगडची दोन चाकं टेम्पोत घालून परत आलो तर हिंदुराव थेट गुऱ्हाळाच्या दारात उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. मागे फौजी मंडळी. कोणाच्या तरी हातात हारही होता. आंबटशार वास रस्त्यापर्यंत येत होता.

"तुमी यायच्या आत उरकलं," हिंदुराव म्हणाले. "मिस्त्रीच्या मानसाला बलवायची गरजच न्हाई पडली. बेअरिंगं चाकातच हाईत, मग चाकंच घातली. रंग बी निघतोय आपोआप. समदी घातली."

मी काहिलीपाशी गेलो. काळ्या पाण्यावर राखाडी फेस. दोघांनी दोर ओढून एक चाक वर काढलं. रबर सालीसारखं लोंबत होतं. तबकडीचा धातू भोकाभोकाचा झालेला, वाळवीने खाल्लेल्या दारासारखा, आणि स्टीलच्या बोल्टांभोवतीची भोकं अंगठा जाईल एवढी मोठी. काहील लोखंडाची, चाकं हलक्या धातूची आणि मधे आंबलेलं पाणी. बॅटरीत जे होतं तेच तिथे रात्रंदिवस चाललं होतं. मधोमध स्टीलचं बेअरिंग मात्र नव्यासारखं लख्ख.

"चाकं कोणी टाकायला सांगितली?" मी ओरडलो. आजारपणानंतरचा तो माझा पहिला मोठा आवाज.

"तुमीच की. समदी म्हनालासा."

"बेअरिंगं म्हणालो होतो."

हिंदुरावांनी चाकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बेअरिंग न्हाय म्हनालासा, साहेब." आणि ते खरं होतं. हार घेऊन आलेल्या माणसाने तो गुऱ्हाळाच्या खुंटीला अडकवला आणि सगळे इकडेतिकडे बघायला लागले.

तरी मी प्रयत्न केला. बंडा मिस्त्री आला, त्याने चाकं उलटीपालटी केली, नखाने टोकरली. त्यातल्या त्यात बरी चाकं निवडून लावली आणि जॅक थोडाच खाली घेतला. कडकन आवाज झाला. एक तबकडी चिरली, मग दुसरी. मी जॅक परत वर घेतला. चंदगडची दोन चाकं शेजारी उभी होती, धडधाकट, एका बोटाने फिरणारी. दोन चाकांवर रणगाडा चालत नाही.

"काय तरी करूया की," बंडा मिस्त्री म्हणाला. मग चिरलेल्या तबकडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "न्हाय हो. न्हाय व्हायचं." कोल्हापुरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्यातलं उरलंसुरलं बळ गेलं.

नवरात्राच्या आधी कटर आला. रस्त्याच्या कामावरची माणसं चांगली होती, त्यांनी आधी नारळ फोडला, टोप्या काढल्या. हिंदुराव सावधान उभे राहिले. ठिणग्या उडायला लागल्या, रंगाचे थर जळून उग्र धूर निघाला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी मान वळवली नाही. मी वळवली. मला बघवत नव्हतं. जे काम आयुष्यभर केलं, ते एकदा कोणाच्या तरी उपयोगी पडावं एवढीच इच्छा होती, आणि तिथेच हात टेकले. आक्का घराबाहेर आल्या नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "माजं चाक हाय का त्यातलं काय?"

चाक उरलं नव्हतं. उरलं होतं त्याचं बेअरिंग. गुळाने त्याचा गंज खाऊन रूळ सुटे केले होते, खड्डे पडलेले, पण फिरत होतं. मी ते घासून, पुसून, ग्रीस लावून कागदात गुंडाळून आणलं होतं. आक्कांनी ते दोन्ही हातांत घेतलं, वजन बघितल्यासारखं थोडं वर-खाली केलं. मग एका बोटाने फिरवलं.

"आक्का, ह्याला पाणी लावू नका हं," मी म्हणालो. "परत गंज धरेल." बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो ते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "बरं," म्हणाल्या आणि आत जाऊन वाटीत गूळ आणि तांब्या घेऊन आल्या. जाणाऱ्याला गूळपाणी द्यायची रीत नाही, पण मी खडा तोंडात टाकला. वरून पाणी प्यालो.

नागपूरला आल्यावर ताप परत उलटला. खंडेनवमीला घरातल्या पान्यांना आणि पकडींना बायकोने फुलं वाहिली, मी पडून होतो. दुपारी हिंदुरावांचा फोन आला. चौकात नुसता डांबराचा पट्टा आहे, म्हणाले. गाड्या जोरात जातात. नव्या चौथऱ्यावर पोरं क्रिकेट बघायला बसतात. मग म्हणाले,

"आक्का तुमास्नी निरोप सांग म्हंती."

"काय?"

"म्हंती, औंदा पानी लावलं न्हाय. नुसतं कोरड्या फडक्यानं पुसलं, म्हनावं."

मी बरं म्हणालो.